उंबरदऱ्याच्या गाडीचा आख

कुलथे मास्तरांनी आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि नेमकं तेच पत्र त्यांनी सर्वांत जास्त वेळा वाचलं होतं.

पत्र निळं, आंतरदेशीय. पाठवणारा सहादेव, राहात्याकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. मास्तर नगरच्या एका तंत्रशाळेत यंत्रांची रेखाटनं शिकवायचे. तिथं तो तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. पुढं पुण्याला कारखान्यात लागला आणि तिथून त्यानं लिहिलं : ‘सर, तुम्ही शिकवलेल्या ड्रॉइंगवर आज माझं चाललंय. एक विचारायचं वर्गात राहून गेलं. तुम्ही स्वतःच्या हातानं बनवलेलं काही आहे का? असलं तर सुट्टीत येऊन बघीन म्हणतो.’

टोमणा असता तर मास्तरांनी गिळला असता. पण सहादेवला टोमणे येतच नव्हते. त्यानं मनापासून विचारलं होतं, आणि म्हणूनच मास्तरांना उत्तर सुचेना. सत्तावीस वर्षं त्यांनी फळ्यावर पंप काढले, गिअर काढले, एकदा तर आख्खं वाफेचं इंजिन काढलं. पण बनवलं काय? घरात खिळा ठोकायचा तरी शेजाऱ्याला हाक. वडील सोनार, नगरच्या सराफ बाजारात त्यांच्या हातच्या नथीला नाव होतं. दागिन्यावर उठवायचा त्यांचा ‘कु’ अक्षराचा पोलादी ठसा मास्तरांच्या डब्यात पेन्सिलींच्या गर्दीत पडून असे. पत्र एका पुस्तकात गेलं, तिथून दुसऱ्यात. मास्तर निवृत्त झाले, सावेडीला दोन खोल्यांत राहायला गेले. सात वर्षं झाली तरी पत्र पुस्तकं बदलत राहिलं.

बाहत्तरचा पावसाळा कोरडा गेला. त्यानंतरच्या पौषात मास्तरांची भाची मनकर्णा सावेडीला आली. ती पारनेरच्या पठारावर उंबरदऱ्याला नर्स होती. तिथं पाझर तलावाचं दुष्काळी काम चाललं होतं आणि सहाशे माणसं उन्हात खडी फोडत होती.

“मामा, एक काम आहे. तुम्हाला जमेल असं.”

“मला?” मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

“बसायचं काम आहे.”

कामावरच्या लोकांना पाण्याची पिंपं न्यायला आणि आजाऱ्याला खाली आणायला गावच्या सोसायटीनं लष्कराच्या लिलावातून एक छोटी परदेशी गाडी घेतली होती. चारही चाकांना इंजिनाचा जोर जाणारी, बसकी, दिवे वटारलेली. गावानं तिचं नाव बेडकी ठेवलं. बेडकीची पुढची दोन चाकं सुटी सुटी होती. प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर वरखाली व्हायचं. सडकेवर बसणाऱ्याला सुख, पण म्हसोबाच्या खिंडीतल्या दगडांत दांडा मोडायचा. तीनदा मोडला. तसला दांडा इकडं कुठं मिळत नव्हता.

“केडगावचे दाऊद मिस्त्री म्हणतात, पुढची सगळी भानगड कापून टाकतो आणि जीपचा अखंड आख घालतो,” मनकर्णा म्हणाली. “माणसाचा हात चांगला आहे मामा, पण डोक्यावर कुणी बसलं नाही तर ते दुसऱ्याच गाडीखाली शिरतात. तुम्ही रोज जाऊन नुसतं बसा.”

“नुसतं बसायचं ना?”

“नुसतं.”

मास्तर सायकल काढून केडगावला गेले.

पुणे रस्त्याला लिंबाखाली दाऊदचं पत्र्याचं छप्पर होतं. दाऊद पन्नाशीचा, मेंदी लावलेली दाढी, गळ्यात सुतळी. त्या सुतळीला ठिकठिकाणी गाठी मारलेल्या. तेच त्याचं मोजमाप. वहीपेन्सिल छपराखाली औषधालाही नव्हती. “कागद तेलात भिजला की मेला,” तो म्हणायचा, “दोरी भिजली तरी दोरीच.”

“काय मास्तर, पहारा का?”

“नाही, नाही... मनकर्णा म्हणाली, जरा...”

“बसा, बसा. तिकडं नगं, तेल हाय. हितं टायरावर बसा.”

मास्तर बसले. समोर बेडकीची पुढची बाजू उघडी पडलेली आणि शेजारी जीपचा जुना आख. दाऊद त्याच्यावर हात फिरवत म्हणाला, “बैलगाडी बघितली का न्हाई? एक आख, दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की दुसऱ्याला लगेच कळतं. ह्या बेडकीची चाकं म्हंजे दोन सवती. एकीचं दुसरीला काय बी ठावं न्हाई. म्हनून मोडती.”

मास्तर हसले. मागच्या आखाचे दाते या आखाशी जुळतात का, हे त्यांनी मनातल्या मनात मोजून घेतलं. जुळत होते. पण एक अडचण होती. आखावर एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाकडून फिरत आलेल्या दांड्याचा जोर त्याच्या पोटातले दाते दोन्ही चाकांना वाटून देतात. जीपचा गोळा उजवीकडं होता, आणि बेडकीच्या इंजिनाचा दांडा यायचा डावीकडून.

“त्यात काय!” दाऊद म्हणाला. “आख पालथा घालायचा. गोळा आपसूक डावीकडं येतोय.”

मास्तरांच्या डोक्यात दाते फिरायला लागले. आख पालथा घातला तर... घरी गेल्यावर त्यांनी दोऱ्याची दोन रिळं आणि एक पेन्सिल जुळवून पाहिली. मग कागदावर काढलं. पुसून पुन्हा काढलं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं : पालथ्या आखाची चाकं उलटी फिरणार. मग ह्याला उपाय काय, तोही त्यांनी मागच्या पानावर काढला, मापांसकट.

आणि मग नेहमीची शंका आली. दाऊदनं शंभर गाड्या उघडल्या, आपण पेन्सिलीला टोक तेवढं केलं. आपलंच चुकत असेल तर? केडगावभर हसं होईल. दुसऱ्या दिवशी कागद खिशात घेऊन ते टायरावर बसले आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखे गप्प राहिले. दाऊदनं आख पालथा केला, दोन्ही टोकं कापून सुलटी करून जोडली, गाडीखाली घातला. असे दोन दिवस गेले. कागद खिशात घामानं मऊ झाला.

तिसऱ्या दिवशी गाडी चारी बाजूंनी ओंडक्यांवर उचलली. समोरच्या चहावाल्या पुंजारामासकट पाच-सहा माणसं जमली. दाऊदनं इंजिन चालू करून गिअर टाकला. मागची चाकं पुढं धावायला लागली आणि पुढची चाकं मागं.

मग पुंजाराम म्हणाला, “दाऊदभाई, गाडी पुन्याला जायाची हाय का नगरला? एकदा इचारून घ्या तिला!”

माणसं पोट धरून हसली. दाऊदनं इंजिन बंद केलं. तो हसला नाही, चिडलाही नाही. दाढीला लागलेलं तेल तसंच ठेवून चाकांकडं बघत राहिला. त्याचा चेहरा मास्तरांना बघवेना. हसं आपलं होऊ नये म्हणून आपण ते दुसऱ्याचं होऊ दिलं, हे त्यांना तेव्हा लख्ख दिसलं. माणसं पांगल्यावर ते टायरावरून उठले.

“दाऊदभाई,” ते म्हणाले, “मला परवाच ठाऊक होतं.”

“काय?”

मास्तरांनी कागद पुढं केला. दाऊदनं तो उलटसुलट पाहिला, मग मास्तरांकडं पाहिलं.

“परवा? आन् दोन दिस हितं बसून बघत हुता?”

“वाटलं, माझंच चुकलं असेल.”

“मास्तर, वर्गात बी असंच मुक्यानं शिकिवलं का तुमी?” दाऊदनं पाना जमिनीवर आपटला. “चुकलं असतं तर मी ‘चुकलं’ म्हनलो असतो. त्यात काय मरान हाय? रोज धा येळा चुकतो मी!” त्यानं पाना पुन्हा उचलून पुसला. मग म्हणाला, “ह्या कागदात उपाय हाय का नुसतं पाप?”

“मागच्या पानावर आहे.”

उपाय असा होता : गोळा सुलटाच ठेवायचा. आखाची डावी नळी लांब, ती कापून आखूड करायची. कापलेला तुकडा उजव्या नळीला जोडायचा. आत फिरणाऱ्या दांड्यांची अदलाबदल करायची. गोळा आपोआप डावीकडं सरकतो आणि चाकं सरळ फिरतात.

दाऊदनं ऐकून घेतलं. “आन् जोड केसभर वाकडा झाला तर?”

“तर आख पहिल्याच चढाला खाऊन टाकील स्वतःला.”

“मग तुमीच धरा. माझी दोरी गाठ सांगती, केस न्हाई सांगत.”

“मी? दाऊदभाई, मी आजवर हातात...”

“आता घ्या.”

नळीतून आरपार एक सरळ सळई घातली. मास्तरांनी धोतर खोचलं, मांडी घातली आणि सळई दोन्ही तळहातांत धरली. दाऊदनं वेल्डिंगचा पहिला टाका मारला. मास्तरांनी सळई फिरवली. ती एका जागी घासली. आणि एकाएकी त्यांना वडील आठवले, पाटीवर सोन्याची तार लोळवून एक डोळा मिटून बघणारे. विस्तव एकाच अंगाला दिला की तार तिकडंच झुकते, असं ते म्हणायचे. एक फुंकर इकडं, तर एक तिकडं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही. “आता बरोबर समोरच्या बाजूला एक टाका. लहान.”

दाऊदनं मारला. सळई घासायची थांबली.

“आता?”

“गार होऊ द्या. मग इकडं.”

“लई सोनारकी करता राव,” दाऊद पुटपुटला, पण थांबला.

एका जोडाला तीन दिवस लागले. मास्तरांच्या तळहातांना फोड आले, सदऱ्याला ठिणग्यांची भोकं पडली. पुंजाराम चहा आणायचा तेव्हा दारातूनच विचारायचा, “मास्तर, आज कुनीकडं?” तिसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला उत्तर दिलं, “उंबरदऱ्याला!” आणि स्वतःच्याच धिटाईनं लाजले. आख बसला, त्यावर कमानीचे पाटे चढले, गाडी पुन्हा ओंडक्यांवर गेली. चारी चाकं एका दिशेला फिरली. ह्या वेळी कुणी हसलं नाही.

उंबरदऱ्याला जाताना दाऊद चालवत होता, शेजारी मनकर्णा, आणि मागं पाण्यानं भरलेल्या दोन पिंपांच्या मधे मास्तर. म्हसोबाच्या खिंडीत गाडी आली तसे मास्तरांनी डोळे मिटले. त्यांना फक्त खालचा आवाज ऐकायचा होता. पहिला दगड आला. डावं चाक वर गेलं, आख तिरपा झाला, उजवं चाक खाली दाबून बसलं. मग उजवं वर, डावं खाली. कुठं घासलं नाही, कुठं करकरलं नाही. बेडकी एखाद्या शहाण्या बैलासारखी पाऊल टाकत वर चालली. अर्ध्या चढावर मास्तरांनी डोळे उघडले ते उघडेच ठेवले.

वर तलावाच्या कामावर हातोडे थांबले. बाया पिंपांभोवती गोळा झाल्या. मुकादमाची आई आक्काबाई, पाठीत वाकलेली, गाडीखाली डोकावून म्हणाली, “आता गं बया, हिचा आख तर बैलगाडीवानी झाला की. कुनी केलं हे?”

दाऊद हात पुसत म्हणाला, “कापलं मी. सरळ केलं मास्तरांनी. त्यांचा कागद नसता तर ही बेडकी दोन्हीकडं पळाली असती.”

सहाशे माणसांतल्या निम्म्यांनी तरी मास्तरांकडं पाहिलं. एरवी ते पिंपामागं सरकले असते. आज जागचे हलले नाहीत.

दाऊदची एक रीत होती. मनाजोगत्या कामावर तो ‘दा’ अक्षर ठोकायचा, पण गॅरेजात नाही. काम चढ चढून आल्यावरच. “गॅरेजमधी समद्याच गाड्या गुनी असत्यात,” तो म्हणायचा. आताही तो गाडीखाली आडवा झाला आणि डाव्या नळीवर त्यानं हातोडीच्या तीन घावांत आपलं अक्षर उठवलं. मग खालूनच म्हणाला, “मास्तर, तुमचं काय?”

मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून वडिलांचा ठसा काढला. चार दिवस तो तिथंच होता. कुणाला सांगायचं धाडस झालं नव्हतं. ते खडीवर उताणे पडून गाडीखाली सरकले. नथीसाठी केलेला ठसा लोखंडावर कितपत उमटणार? त्यांनी हातोडी मारली. पहिला घाव बोटावर बसला. दुसरा ठशावर.

अक्षर उमटलं. मुगाच्या दाण्याएवढं, दाऊदच्या अक्षराशेजारी.

“दिसतंय का?” मनकर्णानं वाकून विचारलं.

“दिसत नाही,” मास्तर आतून म्हणाले, “पण लागतंय हाताला.”

सावेडीला परतल्यावर त्यांनी पुस्तकातून निळं पत्र काढलं आणि एक कोरं आंतरदेशीय समोर घेतलं. सात वर्षांच्या दिरंगाईबद्दल आधी एक लांब परिच्छेद लिहायचा त्यांचा बेत होता. तो त्यांनी सोडून दिला. बोटाला चिंधी होती, म्हणून अक्षर जरा वाकडं आलं.

‘चि. सहादेव, अनेक आशीर्वाद. तू विचारलं होतंस. आहे. एक आख आहे, उंबरदऱ्याच्या गाडीचा. केडगावच्या दाऊद मिस्त्रींनी आणि मी केला. मधे दोन दिवस माझ्या गप्प बसण्यानं वाया गेले, ते आल्यावर सांगेन. खिंड चढून गेला, काही तक्रार नाही. बघायला ये. गाडीखाली वाकावं लागेल. डाव्या नळीवर बोट फिरवलंस की माझ्या वडिलांचं अक्षर लागेल. तुझा, रा. कुलथे.’

पत्ता सात वर्षांपूर्वीचा. सहादेव अजून तिथं असेल का, त्याला आपण आठवत असू का, असल्या शंका पेटीपर्यंत मास्तरांच्या बरोबर चालत आल्या. पेटीच्या तोंडाशी त्यांनी पत्र एकदा उलटून पाहिलं, चिकटवलेली कड फोड आलेल्या अंगठ्यानं पुन्हा दाबली, आणि ते आत सोडलं.