सैल केलेली पट्टी

पिपरी मेघे गावातल्या त्या दोन खोल्यांत पोळ्याच्या सणापासून एक वस्तू सगळ्यांच्या हातांपासून जपली जात होती. ती म्हणजे कोकिळाची पितळी चौकट. तळहाताएवढी, दोन्ही टोकांना चिमटे, बाजूला एक स्क्रू आणि मधे ताणून धरलेली प्लास्टिकची पट्टी. मुळात काचेसारखी आरपार दिसणारी ही पट्टी ताणली की दुधासारखी पांढरी व्हायची.

"हा रंग कुठून येते वं?" सासूबाईंनी, आनंदाबाईंनी एकदा विचारलं होतं.

"रंग नाई, आई. ताणलं की आत बारीक बारीक भोकं उघडतात. आपल्याले दिसत नाईत, पण उजेड त्यायच्यात अडकते."

"दोन वर्सं झाले, सून प्लास्टिक ताणून राह्यली," आनंदाबाई शेजारणीला सांगत. "इतके पापड लाटले असते तर अख्खं मेघे जेवलं असतं." पण पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात असायची, म्हणून तर कोकिळाला पुस्तक उघडता येत होतं.

ती भोकं आणि त्यांच्या मधले धागे केसाच्या हजाराव्या हिश्शाहून बारीक. ते बघायचे तर नागपूरचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच हवा, आणि तिथली पाळी मिळता मिळत नसे. तिच्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक प्रमिलाबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, या खेपेला फोटो निघाला नाही तर हा विषय बंद, तू आपली शाळेतली नोकरी धर. नोकरीला कोकिळाची ना नव्हती. पण एकदा तरी आत काय आहे ते डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि आज ताणून उद्या नेलेली पट्टी चालणार नव्हती. लोणच्यासारखी मुरलेली हवी, बरेच दिवस ताणाखाली राहिलेली.

नागपूरला जायच्या दिवशी सकाळी तिने लेकीला पाजून सासूच्या मांडीवर दिलं आणि फडताळातून चौकट काढली. पट्टीतून तिला स्वतःचा अंगठा दिसला. पांढरेपणा गेलेला.

"मामाजी, हिले कोणी हात लावला का?"

सासरे, रूपराव, ओसरीत दाढी करत बसले होते. त्यांची हयात पुलगावात मागावर गेलेली.

"मीच ढिली केली काल. प्रवासाची वस्तू हाय नं. माग बंद केला की ताणा सैल सोडूनच घरी जायचं, नाईतर धागा तुटते. म्हटलं, पोरीची मेहनत आहे, गाडीच्या धक्क्यानं तुटून जाईन."

"काऊन हात लावला तुमी?" आनंदाबाई म्हणाल्या.

"तोडली का मी? सांभाळली."

त्यांच्या साबण लावलेल्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की कोकिळाने चौकट नुसती पदराने पुसली. ती आत गेली. स्क्रूवर बोटं ठेवली. दोन वेढे दिले की पट्टी पुन्हा पांढरी होणार, प्रमिलाबाईंना पत्ताही लागणार नाही. पण ती मुरलेली पट्टी नसणार.

तिने चौकट खिडकीकडे धरली. अगदी मधोमध आरशावर श्वास सोडावा तसं पुसट धुकं होतं. ताण गेला तर भोकं मिटायला हवीत. मग हे काय मागे राहिलं?

तिने स्क्रू न फिरवता तसाच राहू दिला, सासू-सासऱ्यांच्या पाया पडली आणि निघाली. गाडीत सिंदी रेल्वे स्टेशन येईपर्यंत पान्हा दाटून आला. ती पदर आवळून, चौकट मांडीवर धरून बसून राहिली.

"सैल कशी झाली ही?" नागपुरात यंत्राच्या खोलीत प्रमिलाबाईंनी विचारलं.

"सासऱ्यांनी केली. माझ्या काळजीनंच केली."

"पुन्हा ताणून आणायचीस."

"तो फोटो खोटा झाला असता, मॅडम. पण मधे धुकं उरलंय. तेवढं बघू द्या."

प्रमिलाबाईंनी चौकट उजेडाकडे धरून पाहिली. "पाळी तर मिळालेलीच आहे. लाव."

यंत्राला दिसावी म्हणून पट्टीवर सोन्याचा पातळ थर चढला, ती यंत्रात गेली. पडद्यावर आधी नुसती राखाडी खळबळ. मग हळूहळू धागे उमटले, शेजारी शेजारी, आणि त्यांच्या मधल्या फटी. झोपी जाणाऱ्या लेकराच्या डोळ्यांसारख्या होत्या त्या. कितीतरी पुरत्या मिटलेल्या, आणि काही किंचित उघड्या, पापण्यांसारखे धागे आडवे धरून.

प्रमिलाबाईंनी चष्मा वर केला आणि पडद्याला नाक लावलं. "यातल्या काही मिटल्याच नाहीत."

"हेच ते धुकं."

"फोटो घ्या," त्यांनी यंत्रावरच्या माणसाला सांगितलं. मग कोकिळाकडे न बघताच म्हणाल्या, "ताणल्यावर काय होतं ते पुष्कळांनी पाहिलंय. ताण सोडल्यावर काय उरतं, ते तू बघ. पुढची पाळी मी मागते."

घरी पोचताच लेक तिच्या अंगाला चिकटली ती सुटेना. रूपराव दारातच उभे होते. "तुटली तर नाई?"

"नाई, मामाजी. पण सकाळी वाटलं, मुरवलेलं सारं वाया गेलं. ती ढिली करायची नव्हती."

त्यांचा चेहरा उतरला. "मंग बोलली काऊन नाई?"

"आता बोलून राह्यली नं. आता तेच काम मिळालं मले, ताण सोडून पाहाचं. नवी पट्टी लावीन मी. सोडायच्या दिवशी स्क्रू तुमीच फिरवजा, सावकाश. पण मी समोर असताना."

रूपरावांनी अंगठा आणि बोट हवेतच फिरवून पाहिलं. "हळूच फिरवीन," ते म्हणाले.

"घ्या," आतून आनंदाबाईंचा आवाज आला, "आता सासराबी लागला प्लास्टिकच्या मागं."