लेन्सच्या पायातला मोजा

माझ्या लेन्सच्या पायात मोजा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. नवऱ्याचा आहे, राखाडी, धुतलेला. एवढी लांबलचक लेन्स ट्रायपॉडवर बसवायची म्हणून तिच्या पोटाखाली धातूचा एक पाय असतो. लेन्स हातात धरायची असेल तर तो पाय सरळ तळहातावर टेकवायचा, असं मी तीस वर्षं करत आले. आता अंगठ्याचा सांधा सुजलाय आणि त्या पायाची कड नेमकी तिथेच घुसते. म्हणून मोजा.

"आई, लेन्सला थंडी वाजते का गं?" शेजारून आवाज आला.

ही माझी लेक. दुसऱ्या पेपरची फोटोग्राफर. घरी एका टेबलावर जेवतो, पण मैदानावर आल्या की मी तिची कुणी नाही आणि ती माझी कुणी नाही.

"तुझं तू बघ."

"किती वेळा सांगितलं, स्क्रू सैल कर आणि पाय फिरवून वर घे. मग हातावर नुसती गोल नळी येते. काही टोचत नाही."

"म्हणजे लेन्सला शीर्षासन घालायला लावू? गप बस."

ती आपल्या कॅमेऱ्याकडे वळली. मला मात्र आज चुकायची सोय नव्हती. लागोपाठ तीन स्पर्धांमध्ये माझे फोटो हलले होते. संपादक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला अगदी गोड. "मॅडम, आजचाही हलला तर सोमवारपासून तुम्ही ऑफिसातच बसा. फोटोंखालच्या ओळी लिहा." ओळी! मी! अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याचं काही चुकलं नव्हतं, हे तर जास्तच झोंबलं.

आज उंच उडीची अंतिम फेरी होती. धावण्याच्या वाटेलगत आम्हाला बसायला चिंचोळी जागा दिली होती आणि तिथे ट्रायपॉडला सक्त मनाई. मैदानात उरली होती एकटी शिडी. एवढी उंच पोरगी, तिला आम्ही सगळे शिडीच म्हणतो. आडवी दांडी विक्रमापेक्षा एक सेंटीमीटर वर लावली होती. शिडीने दोनदा पाडली. दोन्ही वेळा मी बटण दाबलं, त्याच क्षणी मोज्यातूनही कड टोचली आणि हात उडाला. दोन्ही फोटोंत शिडीच्या जागी नुसता पुसट पट्टा. आता शेवटची उडी.

शिडी सुरुवातीच्या खुणेवर जाऊन उभी राहिली. सगळं स्टेडियम टाळ्यांचा ठेका धरू लागलं. मी लेन्स उचलली. अंगठ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत टचकन पाणी आलं.

लेकीने ते पाहिलं.

"आई, कॅमेरा घट्ट धर. हलू नकोस!"

"अगं, काय करतेस? हात काढ!"

ऐकेल ती माझी लेक कसली! तिने माझ्या लेन्सचा स्क्रू सैल केला, पाय जोडलेलं लेन्सभोवतीचं कडं गर्रकन फिरवलं, मोज्यासकट पाय वर आणला आणि स्क्रू पिळायला लागली. शिडी निघाली! माझा तळहात लेन्सखाली सरकला आणि नळी हातावर अलगद बसली. आईशप्पथ, काहीच टोचलं नाही! लांब ढांगा, वळण, एक पाय जमिनीवर आपटला आणि पोरगी उचलली गेली. पाठ दांडीवरून, कंबर दांडीवरून, टाचा! मी बटण सोडलंच नाही. दांडी जरा थरथरली आणि जागेवर राहिली.

मी किंचाळले. वयाला न शोभेल अशी किंचाळले. स्क्रीनवर पाहिलं: शिडी हवेत आडवी, टाचा दांडीच्या बोटभर वर, पापण्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतकं लख्ख!

"बघ! बघ कार्टे! तुझा दाखव!"

तिचा कॅमेरा गळ्यात लटकत होता. तिची बोटं अजून माझ्या स्क्रूवर होती.

तिलाही आज तिच्या पेपरला फोटो द्यायचा होता. हिच्याकडे या उडीचा एकही फोटो नव्हता, आणि ही वेडी हसत होती.

शिडी गादीवरून उठत होती. सगळे फोटोग्राफर गादीकडे पळाले. पण विक्रम मोडणारं माणूस कुठे धावतं, हे मी तीस वर्षं पाहत आलेय.

"डावीकडे! कुंपणाशी तिची प्रशिक्षक उभी आहे. धाव!"

"आणि तू?"

"धाव म्हणते ना!"

लेक सुसाट सुटली. शिडी खरंच तिकडे वळली, धावत गेली आणि त्या बुटक्या बाईंना उचलून गरागरा फिरवायला लागली. लेक बरोबर समोर गुडघ्यावर बसली होती. माझ्या जागेवरूनही ते सगळं स्वच्छ दिसत होतं. मी लेन्स मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी टाळ्या पिटल्या.

दहा मिनिटांत संपादकाचा फोन आला. "मॅडम, जबरदस्त! पहिल्या पानावर, अख्खा! ऑफिसचं विसरा. पण ती मिठी कुठाय? समोरच्या पेपरने वेबसाइटवर टाकलीसुद्धा."

"सुटली."

"अरेरे. हात दुखत होता का?"

लेक परत येत होती. घामाने चिंब, कॅमेरा उंच धरून मला लांबूनच दाखवत होती.

"नाही हो," मी म्हणाले. "आज अजिबात दुखला नाही."