भाजी विभागातला काटा आणि उज्वलाताई

मित्रांनो, नाशिकमधल्या एका मोठ्या कंपनीच्या मॉलमध्ये, भाजी विभागात उभा असलेला मी एक जुना वजनकाटा आहे. ताटावर भाजी ठेवली की मी वजन करतो आणि किमतीची चिठ्ठी छापून देतो. मी बनलो कारखान्यात, पण मला कामाला लावले ते उज्वलाताईंनी. मॉल उघडला त्याच दिवशी त्याही रुजू झाल्या होत्या.

सुरुवातीला आमचे फार कौतुक झाले. सायखेड्याचे एक आजोबा आपल्याच गावची मेथी इथे कितीला जाते ते बघायला येत आणि म्हणत, "भाव लय हाय बाई, पण काटा खोटं बोलत नाय."

इथे एक रीत होती. कंपनी बाहेरून शिकाऊ अधिकारी आणायची आणि आधी त्याला माझ्यापाशी उभे करायची. ओली कोथिंबीर झटकून ठेवायची, शिळा माल वेळेत काढायचा, हे सारे ताई शिकवत. शिकून झाले की तो विभागप्रमुख होई आणि ताईंनाच सूचना देऊ लागे. त्याची बदली झाली की दुसरा येई. ताई दर वेळी त्या जागेसाठी अर्ज करत. 'पुढच्या वर्षी बघू' हे उत्तर मलाही पाठ झाले होते.

हळूहळू ताईंचे शिकवणे दोन वाक्यांत उरकू लागले. माझ्या ताटावर माती साचली, बटणांवरची चित्रे पुसली गेली. ट्रॉल्या गोळा करणारा धम्मपाल एकदा म्हणाला, "ताई, तुमच्या हाताखालून साहेब झालेल्यांचं संमेलन भरवू. हॉल मोठा लागेल." ताई हसल्या, पण थोड्याच.

यंदा निकिता आली. मॅनेजर सोमनाथ सरांनी नेहमीप्रमाणे तिला ताईंकडे सोपवले. ताईंनी हातातली गवार खाली ठेवली.

"शिकवते सर. पण शिकून झाल्यावर ती माझ्या हाताखाली काम करेल, असं सांगा."

त्या जागेला पदवी लागते, नियमच आहे, असे सर म्हणाले. मग शिकवायचे कामही पदवीलाच सांगा, असे ताई आवाज न चढवता म्हणाल्या. अवघडलेली निकिताच शेवटी बोलली.

"सर, मला यांच्याच हाताखाली ठेवा ना. मला अजून काहीच येत नाही."

सरांनी मुख्य कार्यालयाशी बराच वाद घातला. नियम बदलला नाही, पण पहिल्यांदाच त्याला अपवाद झाला. आज उज्वलाताई विभागप्रमुख आहेत. पगार थोडाच वाढला, अशी त्यांची कुरकुर असते, पण ती हसत हसत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझे ताट घासले, बटणांवर नवी चित्रे लावून घेतली आणि धम्मपालला सांगितले, उद्यापासून काट्यावर तू. निकिता आणि तो आता एकत्र शिकतात.

मित्रांनो, माझे ताट रोज पुसले, वर्षातून एकदा मला तपासले, तर मी अजून बरीच वर्षे खरे वजन सांगेन. मला तेवढे पुरते. माझ्याजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र तेवढे पुरत नाही. त्याला पुढची जागाही द्यावी लागते.