लाल फडक्यातली पोथी

देविदासनं बायबल आणलं त्या दिवसापासून संगिता धुमसत होती. तांड्यावर सेवालाल महाराजांना नैवेद्याचा भोग लागला तरी नवरा तिकडं फिरकला नाही, आणि वर सगळ्यांदेखत तिलाच अडाणी म्हणाला. आज तिनं ठरवलं, त्याच्याच पोथीनं त्याचं तोंड बंद करायचं. डोक्यावरून न्हाऊन तिनं कोनाड्यातलं लाल फडक्याचं गाठोडं खाली काढलं.

"हात लावू नको! आधी अगरबत्ती तरी लाव," देविदास ओरडला.

"कुठून सुरू करायची, तेवढं सांगा."

"पास्टर म्हणले, मार्कचं शुभवर्तमान आधी वाचा. ते मधी हाय."

"पोथी कुणी मधूनच धरतं व्हय? बरं, काय लिवलंय त्या मार्कानं?"

देविदास दाराकडं बघू लागला. संगितानं फडकं सोडलं. वर्षभराच्या धुरानं ते काळवंडलं होतं, पण आतली सोनेरी कडांची पानं अजून एकमेकांना चिकटलेलीच होती. तिनं ती नखानं सोडवली.

"बसा खाली," ती म्हणाली. "मी भांडायसाठी वाचून राहिले. तुमी निदान ऐका."