तळहातावरची जाळी

शांतादेवी वहिनी माझ्या दारात अनवाणी आल्या तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वाईट झालंय. मे महिन्यात युसूफ वडगावच्या रस्त्यावर चप्पल विसरायला तसंच कारण लागतं.

“मुक्ताबाई, आत्याबाईंनी कालपासून पाणी सोडलंय,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “लिंगाची डबी मोडली.”

आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, गंगासागरबाई. वय ऐंशीच्या घरात, जीभ मात्र विशीतली. त्यांच्या लोकांत इष्टलिंग गळ्यात घालतात आणि मरेपर्यंत अंगावेगळं करत नाहीत. म्हातारीचं लिंग चांदीच्या डबीत असायचं. काल डबीची बिजागरी तुटली आणि लिंग तिच्या ओटीत पडलं. तेव्हापासून ती ते डाव्या तळहातावर धरून बसली होती. गळ्यात परत नीट बसेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही म्हणे. केजच्या सोनाराने डबी ठेवून घेतली होती, पण ती कधी मिळेल याचा नेम नव्हता.

“कापडात बांधा की,” मी म्हटलं.

“ऐकत न्हाईत. कापडातून एकदा निसटलंय म्हणतात.”

ते कसं निसटलं, हे वहिनींना माहीत नव्हतं. त्या तेव्हा या घरात आल्याच नव्हत्या. मला माहीत होतं.

बहात्तरच्या दुष्काळात अख्खा गाव खडी फोडायला होता. दुकानदारांच्या सुनासुद्धा होत्या, कारण दुकानात विकायला काही उरलंच नव्हतं. गंगासागरबाई वाकल्या, गळ्यातल्या कापडाची गाठ सुटली आणि लिंग ढिगात गेलं. काळ्या खडीत काळं लिंग. सगळे हातातलं टाकून शोधायला लागले. सापडलं माझ्या आईला, सरूबाईला. तिनं ते उचलून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी काय करावं? भरलेली घागर उचलली आणि सगळीच्या सगळी त्या लिंगावर ओतली. पूजेचं धुणं नव्हतं ते. माझ्या आईचा हात लागला होता तो धुऊन काढायचा होता. आम्ही बौद्ध झालो त्याला बरीच वर्षं होऊन गेली होती, पण खडीवर ते कोण विचारतं? मी आईच्या शेजारी उभी होते. घसा इतका कोरडा की रडूही फुटेना. ते पाणी खडीत जिरताना मी बघितलं. आई त्यावर जन्मात एक शब्द बोलली नाही. तिच्या वाटचं मी मनातल्या मनात बोलत आले.

म्हणून त्या दिवशी दारात उभ्या उभ्या माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? बसू दे तहानलेली. कळू दे एकदा.

पण वहिनींच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना. गावातला ऊस वाळला आणि आमच्या कोयत्यांना काम उरलं नाही, तेव्हा बायकांची सहकारी संस्था या बाईनं उभी केली होती. विहिरी खोल करताना खडकातून जांभळे, दुधी खडे निघतात. लोक ते बांधावर फेकून द्यायचे. आम्ही ते घासून चांदीच्या तारेत बसवतो. कानातलं, गळ्यातलं, अंगठी. आमच्या कामाला भट्टी लागत नाही. तार वळवायची, विणायची आणि खडा तिच्यातच पकडून ठेवायचा. वहिनींना तेच हवं होतं. लिंगाला तारेची जाळी.

सकाळी मी तेवढ्याच आकाराचा खडा शोधून त्यावर एक जाळी विणून पाठवली होती, हे सांगायचं राहिलं. वहिनींनी आधी माणसाबरोबर दोऱ्याचं माप धाडलं होतं, कशासाठी ते न सांगता. ती जाळी वहिनी परत घेऊन आल्या होत्या.

“लिंग आत हलतंय. आत्याबाई म्हणतात, हलतं ते पडतं. इथं येऊन, हातावरच विणा.”

संस्थेत तार उरली होती ती एकाच जाळीपुरती. पक्कड, चिमटा आणि तारेची गुंडाळी पदरात बांधून मी निघाले.

दुकानामागच्या खोलीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डावा हात मांडीवर, तळवा वर, त्यावर लिंग. शेजारी झाकण ठेवलेला तांब्या होता. वहिनींनी आशेनं भरून ठेवला असणार. म्हातारीचे ओठ फुटून त्यांवर रक्त सुकलं होतं.

“कोण?”

“मुक्ता.”

“सरूची?”

“सरूचीच.”

तिनं तळवा आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, “बोट लावायचं न्हाई.”

माझं डोकं सणकलं. “मग तार काय नाकानं वळू?”

“तारेला लाव की. लिंगाला न्हाई.”

तिथून उठून जायला हवं होतं. राग तर होताच. पण त्या ओठांकडेही बघवत नव्हतं. दोन्ही खरं होतं आणि मी बसून राहिले.

आधी जाड तारेचे तुकडे एकमेकांवर आडवे-उभे ठेवून मधे पीळ दिला. ते म्हातारीच्या बोटांच्या फटीतून लिंगाखाली सरकवायचे होते. “हात उचला जरा,” म्हटलं की ती उचलायची, आणि हात थरथरायचा. लिंग डुगडुगलं की वहिनींचा श्वास अडकलेला मला पाठीमागे ऐकू यायचा. तारा खालून आल्या, मग मी एकेक वर वळवायला लागले. टोपलीच्या काड्या वळवतात तसं. चांदीची तार एकदा वळली तर लोण्यासारखी वळते. तीच पुन्हा पुन्हा इकडेतिकडे केली की ताठ होते आणि मग कट्‌कन मोडते. घरी असते तर उतरवून चुलीच्या निखाऱ्यावर तापवून मऊ केली असती. इथे उतरवायला जागाच नव्हती. जे वळण द्यायचं ते पहिल्यांदाच बरोबर पडायला हवं होतं.

“पूजेला उघडायला पायजे,” म्हातारी मधेच म्हणाली.

“वरती आकडा ठेवते. तुमी सोडला तरच सुटंल.”

“आपोआप सुटलं तर?”

“तर मला शिव्या द्या. तशा काय कमी देता?”

वहिनींनी मागून माझ्या खांद्याला हात लावला. गप बसा, असा.

मग बारीक तारेनं जाळी विणायला घेतली. खालून सुरुवात, एका काडीवरून, दुसरीखालून. उन्हानं पत्रा तापून कडकड वाजत होता. माझ्या बोटांना घाम फुटला आणि चिमटा निसटायला लागला. मी पदराला बोटं पुसत होते आणि जीव मुठीत धरून पुढचा वेढा घेत होते. तळाची वीण जमली. पण काड्या अजून वर मिटल्या नव्हत्या, उमललेल्याच होत्या.

तेवढ्यात म्हातारीची मान कलली.

झोप नव्हती ती. डोळे अर्धे उघडे होते आणि बुबुळं वर गेली होती. तळहात माझ्याकडे झुकला, लिंग उघड्या काड्यांमधून घरंगळलं. वहिनी ओरडल्या. मी चिमटा टाकला आणि तिचा हात दोन्ही हातांनी गच्च मिटला. तिचा तळवा खाली, माझा वर आणि मधे लिंग. काड्यांची टोकं माझ्या हातात रुतली. लिंग थंड होतं. त्या उन्हात एवढं थंड काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या. मी लिंगाला हात लावला होता. बोटच नव्हे, अख्खा हात.

म्हातारीच्या डोळ्यांत हळूहळू भान आलं. तिनं आपल्या मिटलेल्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. मी वाटच बघत होते. आता किंचाळेल. मी हात सैल करायला लागले.

“सोडू नको,” ती म्हणाली. आवाज नुसता खरवडल्यासारखा. “सोडू नकोस गं मुक्ते.”

मग मी सोडलाच नाही. एका हातानं तिचा हात धरून ठेवला, दुसऱ्या हातानं विणत राहिले. लिंगाला बोटं लागत होती, लागू दिली. काड्या एकेक करून वर मिटल्या, बारीक तार त्यांच्यावरून फिरत माथ्याला आली. शेवटी आकडा. तो वळवताना तार ताठ झालेली जाणवत होती. अजून एक चूक झाली असती तर मोडली असती. मोडली नाही.

दोरा ओवून मी जाळी म्हातारीच्या गळ्यात घातली. तिनं ती चिमटीत धरून हलवली. उलटी केली. झटका दिला. आत काही वाजलं नाही, काही हललं नाही.

“शांते, झाकण काढ.”

वहिनींनी तांब्याचं झाकण काढलं. म्हातारीनं तांब्या उचलला आणि छातीपाशी आणला. लिंगाच्या अगदी वर. तिथंच हात थांबला.

माझ्या डोळ्यांपुढे ती खडी आली. माझ्या आईचे हात आले. माझ्या तोंडून निघून गेलं, “ओतायचं असंल तर मी गेल्यावर ओता. माझ्यासमोर न्हाई. मी एकदा बघितलंय.”

वहिनींना काही कळलं नाही. म्हातारीला कळलं.

“गप बस, सरूचे,” ती म्हणाली आणि तांब्या तोंडाला लावला.

पहिला घोट घशातून उतरेना, ठसका लागला. मग हळूहळू प्यायली. अर्धा तांब्या संपवून तिनं तो माझ्यापुढे सरकवला.

“घे.”

“उष्टं मी पीत न्हाई,” मी म्हटलं. “कुणाचंच.”

वहिनींनी कपाळाला हात लावला. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली, मग पहिल्यांदाच तिच्या फुटक्या ओठांच्या कडेला हसू आलं.

“शांते, दुसरा तांब्या आण. भरून. तिच्या हातात दे.”

टँकर तीन दिवसांत फिरकला नव्हता. घरात किती पाणी होतं ते वहिनींनाच ठाऊक. तरी तांब्या काठोकाठ आला. मी तो दोन्ही हातांत घेतला, म्हातारीच्या समोर तोंडाला लावला आणि प्यायले. निम्मा झाल्यावर थांबून दम घेतला. उरलेला निम्मा माझ्या आईच्या वाटचा होता. तोही तिथेच, थेंब न सांडता, प्यायले.