कडीवरचं कालव

केबिनच्या कडीवरचं कालव आज एकाहत्तर मिलिमीटर भरलं. दोन वर्षांपूर्वी ते अठ्ठावन्न होतं. त्याचा खालचा शिंपला अर्धा कडीवर आणि अर्धा कोयंड्यावर चिकटलेला आहे. कालव एकदा बसलं की जागा सोडत नाही, आणि हलत्या लोखंडावर ते असं दोन्हीकडे पसरून वाढत नाही. म्हणजे बोट बुडाल्यानंतर ही कडी हललेली नाही. ती बाहेरून लागलेली आहे.

मी प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने आकडा लिहिला. अकरा मीटर खाली, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असतो तेव्हा, इथे हातभर अंतरावरचं दिसतं. एरवी तेवढंही नाही. टॉर्चच्या उजेडात एक जाडजूड हेकरू मासा खिडकीच्या भोकातून तोंड काढून बसला होता. माझी त्याला सवय झाली असावी. पहिल्या वर्षी मी या बोटीवर माशांच्या नऊ जाती मोजल्या होत्या. आता एकतीस आहेत. आजूबाजूला नुसता चिखल. या लोखंडावर आधी कालवं आणि शिनाण्यांचे काळे शिंपले आले, त्यांच्यामागून खेकडे, मग मासे. माझा प्रबंध या एका बोटीवर उभा आहे.

कमरेच्या दोराला दोन झटके बसले. वर होडीत माझा जोडीदार पाणबुड्या नामदेव दोर धरून बसतो. वेळ संपली होती.

बोट सारसोळ्याच्या पंढरीकाकांची. शेत सिडकोत गेल्यावर त्यांनी जुनी लोखंडी लाँच घेऊन तिची मासेमारीची बोट केली होती. त्र्याण्णवच्या जानेवारीत, सकाळच्या दाट धुक्यात, रेतीच्या एका बार्जची धडक बसून ती बुडाली. काका तेव्हा छोट्या होडीतून डोल जाळं बांधायचे, समुद्रात रोवलेले खुंट बघायला गेले होते. त्यांचा मुलगा केतन, बावीस वर्षांचा, केबिनमध्ये झोपला होता. धुक्यात नेमकी जागा कुणाला कळली नाही. दहा महिन्यांनी एकाचं जाळं अडकलं तेव्हा बोट सापडली. तोवर केबिनचं दार अर्धं गाळात रुतलं होतं.

सरस्वतीकाकूंचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, बोट वर काढा. एखादं हाडूक तरी मिळेल, त्याचं कार्य करता येईल. पंढरीकाका दर वेळी म्हणत, "बगू." गावाला वाटे, बापाचं काळीज आहे, धजत नाही.

मला अभ्यासाची परवानगी देताना काका इतकंच म्हणाले होते, "केबिनची कडी लागलीय का, त्येवढं बग. सहज इचारतो."

तिसऱ्याच बुडीत मला कडी सापडली. वर येऊन मी म्हटलं, "पाणी गढूळ होतं, काका." मी त्यांना जपते आहे असं तेव्हा वाटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. सांगितलं तर पुढे काय होईल हे मला माहीत नव्हतं. न सांगितलं तर बोट खालीच राहील, हे पक्कं होतं. दर भांगाला ते विचारत, माझ्याकडे न बघता, आणि दर वेळी मी पाण्याला दोष देत राहिले. दोन वर्षं.

आज सकाळी मात्र धक्क्यावर दिघ्याचा दिलीप येऊन बसला होता. बुडालेलं लोखंड उचलण्याचा त्याचा धंदा.

"क्रेन या आठवड्यात मोकळी आहे," तो म्हणाला. "नंतर एकदम पावसाळ्यानंतर. तोपर्यंत अजून गाळ बसेल. आज हो किंवा नाही सांगा, काका. बघू चालणार नाही."

"दुपारी सांगतो," काका म्हणाले.

सरस्वतीकाकू ताडपत्रीवर जवळा पसरत होत्या. मला रबरी सूट चढवताना बघून म्हणाल्या, "निंगाली आमची बामनीन मासे मोजायला. मोजून पोट भरतं का गो तुजं?"

"तुमच्याइतकं नाही, काकू."

"लगीन झाल्यावर नवऱ्यालाबी मोजशील पट्टीनं," त्या हसून म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "दार दिसलं तर हात लाव गो त्याला. माज्या नावानं."

मी हात लावला होता. दर वेळी लावत होते.

परतताना नामदेव पुढच्या टोकाला सिलिंडर बांधत होता. इंजिनच्या आवाजात त्याला आमचं बोलणं ऐकू जात नव्हतं. काका सुकाणूवर होते.

"दिसली कं कडी?"

पाणी गढूळ होतं, हे वाक्य तोंडाशी आलं. मी पाटीकडे बघितलं. एकाहत्तर.

"दिसली," मी म्हणाले. "लागलेली आहे. बाहेरून."

त्यांचा हात सुकाणूवरून हलला नाही. घारापुरीचा डोंगर आमच्या मागे बराच लहान झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, "तुला कवापासून म्हाईत?"

"दोन वर्षं झाली."

"मना पाच."

मी पाटी मांडीवर उलटी ठेवली.

"दार आपटायचं लाटंनं," ते म्हणाले. "आमी खुंटावर जाताना भायेरनं कडी लावतो. समदेच लावतात. आतल्याची झोप मोडू नाय म्हनून. माजा बापूस माज्यावर लावायचा." मग म्हणाले, "धडकंनं उघडली आसंल, असं वाटायचं. तू नाय दिसली म्हनलीस की वाटायचं, उघडीच आसंल."

माझ्या एकेका खोट्याने त्यांना एकेक पंधरवडा मिळत गेला होता. तो त्यांच्या उपयोगी पडला की नाही, हे मोजायचं साधन माझ्याकडे नव्हतं.

"काकूंना माहीत आहे?"

त्यांनी मान हलवली. नाही.

"बोट वर काढली तर सगळ्यांना दिसेल," मी म्हणाले.

"म्हनून तर बगू बगू केला."

धक्क्याला होडी लागली. दिलीप उठून उभा राहिला आणि घड्याळाकडे बघू लागला. काका त्याच्यासमोरून तसेच पुढे गेले. ताडपत्रीच्या कडेला, जवळ्यात पाय पडणार नाही असे जपून, ते काकूंच्या शेजारी उकिडवे बसले. एरवी ते तिथे कधी बसत नसत. काकूंनी जवळा चाळता चाळता हात थांबवला.

"काय झालं? बरं वाटत नाय कं?"

"सूप खाली ठेव."

काकूंनी सूप खाली ठेवलं. मी ओल्या सुटातच उभी होते. पाटी माझ्या हातात होती. कुणी विचारलं असतं तर मी आकडा सांगितला असता. कुणी विचारलं नाही.

काका दिलीपकडे बघून नाही, बायकोकडे बघून बोलले.

"बोट काढायची, सरस्वती. दाराला भायेरनं कडी हाय. मीच लावली व्हती."