हरकत

बाबांच्या अंगठ्यावरची शाई काही केल्या निघेना. ताईने साबण लावून पाहिला, ओल्या फडक्याने घासून पाहिलं, शेवटी दुकानातून आणलेलं भिंगं पुसायचं पाणीही चोळून पाहिलं. निळा डाग नखाच्या कडेला जाऊन बसला होता, तो तिथेच राहिला.

"हे काय हो बाबा? पेनाशी खेळत होता की काय?"

बाबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दीड वर्षापूर्वी झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. तिच्याबरोबर बोलणंही गेलं. ऐकू सगळं येई, समजेही सगळं. होय-नाही तेवढं मानेने सांगत. ताईने घड्याळ पाहिलं. पावणेनऊ. तिने त्यांचा हात पांघरुणात सारला, बादली उचलली आणि ती कामावर निघाली.

एका चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती एकोणीस वर्षं भिंगं घासत होती. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकांना आरसा दाखवायला दुसरी माणसं होती. ताईकडे यायचा तो नंबराचा कागद, फ्रेम आणि काचेची गोल चकती. फ्रेमच्या मापाने कड घासायची, मध्य जुळवायचा, बसवायची. मालकांना तिच्या हाताची एवढी खात्री होती की तिने केलेलं काम ते पुन्हा तपासत नसत.

तिथेच तो आला होता. पाण्याचे मीटर वाचत गल्लोगल्ली फिरणारा, चव्वेचाळीस वर्षांचा एकटा माणूस. तीनचा आकडा आठ वाचू लागल्यामुळे अर्ध्या वस्तीच्या शिव्या खाऊन झाल्यावर त्याने एकदाचा चष्मा केला. मग फ्रेमचा स्क्रू ढिला झाला म्हणून तो परत आला. मग पुन्हा. चौथ्या खेपेला ताई आतल्या खोलीतून बाहेर आली आणि तिने विचारलं, "स्क्रू तुम्हीच ढिला करून आणता का?"

"हो," तो म्हणाला.

ताई तेव्हा एकोणचाळीसची होती. इतक्या सरळ उत्तराची तिला सवय नव्हती.

घरी तिने लग्नाचं सांगितलं तेव्हा धाकट्या भावाने कप खाली ठेवला. त्याला लहानपणापासून सगळे बारक्या म्हणत. आता तो दारातून तिरका आत येई, पण नाव तेच राहिलं होतं. "या वयात?" त्याने विचारलं. आणि ताई काही बोलायच्या आत, "आणि बाबांचं कोण करणार?"

"मी रोज सकाळी येईन. तुम्ही दोघं आहातच."

"आम्ही दोघं," बारक्याची बायको म्हणाली आणि उठून आत गेली. त्या दिवसापासून ती ताईशी बोलेनाशी झाली. जे सांगायचं ते बाबांना उद्देशून सांगे. "बाबा, कुणाची तरी ओली चप्पल दारात पडलीय." "बाबा, लोकांना आता लाजबीज राहिली नाही." तिच्याशी लग्न करणाऱ्या माणसाला तर घरात नावच उरलं नव्हतं. बारक्या त्याला मीटरवाला म्हणे, तेही मीटर म्हणजे काहीतरी घाण वस्तू असावी अशा सुरात.

नोंदणी कार्यालयात दोघांनी अर्ज दिला होता. लग्नाची नोटीस तीस दिवस फलकावर राहायची, कुणाची हरकत आली नाही की एकतिसाव्या दिवशी सही. बावीस दिवस सुरळीत गेले होते. शाईच्या त्या सकाळीच अकराच्या सुमारास दुकानात फोन आला. तिकडून कारकून बोलत होता.

"तुमच्या लग्नावर हरकत नोंदवलीय. उद्या दोघांनी या."

"कुणी नोंदवलीय?"

"ते इथे आल्यावर कळेल."

ताईने फोन ठेवला आणि हातातलं भिंग उजेडात धरलं. मग आपोआप तिची नजर स्वतःच्या अंगठ्याकडे गेली, आणि सकाळचा डाग कशाचा होता ते तिला समजलं.

दुसऱ्या दिवशी नोंदणी अधिकारी बाई नाकाला रुमाल लावूनच बसल्या होत्या. त्यांना पडसं झालं होतं आणि कुणाचंही काही ऐकून घ्यायची इच्छा दिसत नव्हती. टेबलाच्या एका बाजूला बारक्या, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर फाइल घेऊन. दुसऱ्या बाजूला ताई आणि मीटरवाला. बाईंनी कागद वाचला. "हरकतदार, मुलीचे वडील. मुलगी मनोरुग्ण असून तिला विवाहाची जबाबदारी समजण्याची कुवत नाही. पूर्वी मनोरुग्णालयात दाखल होती." त्यांनी कागद फिरवून ताईपुढे धरला. खाली निळा अंगठा होता, स्पष्ट, एकेक रेघ मोजावी असा.

"दाखल होता का तुम्ही?"

"हो. अकरा वर्षांपूर्वी. एकोणीस दिवस."

मीटरवाल्याची मान वळली ते तिला न पाहताही कळलं.

आई गेल्यावर ती आठ-नऊ दिवस झोपलीच नव्हती. घरात सारखी काहीतरी धूत राही. एका सकाळी मालक दुकान उघडायला आले तर ही मशीनपाशी बसलेली, आणि चकतीएवढं भिंग घासून घासून वाटाण्याएवढं केलेलं. मालकांनी मशीन बंद केली आणि घरी कळवलं. तिथून दवाखाना. एकोणीस दिवसांनी ती घरी आली, महिनाभर गोळ्या घेतल्या, कामाला लागली. त्यानंतर काही झालं नव्हतं. तिने हे अकरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ज्यांना सांगायचं त्यांना माहीत होतं आणि तो येईपर्यंत नवीन कुणी भेटलं नव्हतं.

"साहेब, त्या बऱ्या आहेत हो," मीटरवाला बाईंना म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तुम्ही डॉक्टर आहात?" बाई शिंकल्या. "सरकारी मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आणा. पुढच्या गुरुवारी सुनावणी. त्याच दिवशी तुमची मुदतही संपते."

बाहेर व्हरांड्यात तो थांबला. "कधी सांगणार होतीस?"

खरं सांगायचं तर ताई सांगणारच नव्हती.

"माझ्यासमोर तुझ्या भावाने फाइल उघडावी आणि मी बघत बसावं. मी कोण तिथे? गंमत बघायला आलेला?" त्याने पिशवी खांद्यावर टाकली. "दोन गल्ल्या उरल्यात माझ्या," असं म्हणून तो जिना उतरून गेला. त्याने वळून पाहिलं नाही.

बारक्या मागून आला. "ताई, राग मानू नकोस. तुझ्याच भल्याचं केलं. उद्या तिकडे काही झालं तर तो तुला आमच्याच दारात आणून टाकणार ना?"

"आजारी माणसाचा हात धरून अंगठा उठवलास. लाज नाही वाटली?"

बारक्या हसला. "घरी जा आणि त्यांनाच विचार."

ती घरी गेली ती तडक बाबांच्या खाटेपाशी. भावजय दारात येऊन उभी राहिली, हाताची घडी घालून. ताईने पांघरुणातून बाबांचा हात बाहेर काढला. शाई डाव्या अंगठ्याला होती. लुळ्या हाताला नव्हती, चालत्या हाताला होती. काल ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"बारक्याने जबरदस्तीने घेतला ना अंगठा?"

बाबांनी नाही म्हणून मान हलवली.

"तुम्ही आपणहून दिलात?"

मान खाली गेली. होय.

"कागदावर काय लिहिलंय ते माहीत होतं?"

होय.

"विचारा, विचारा," भावजय दारातून म्हणाली. दीड महिन्यात ती पहिल्यांदाच सरळ ताईशी बोलत होती. "मनसोक्त विचारा."

ताई बाबांच्या अगदी जवळ वाकली. "मी वेडी आहे असं तुम्हाला वाटतं?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान हलवली. नाही. आणि त्याच डाव्या हाताने तिच्या बाहीची कड मुठीत धरली. धरून ठेवली. भावजयीचं तोंड उतरलं आणि ती दारातून गेली.

ताईने त्यांचं एकेक बोट उलगडून बाही सोडवली. मग रोजच्यासारखं त्यांना भरवायला बसली. चमचा जरा जोरातच आत गेला, दातांवर आपटला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने ते पुसलं नाही, पुढचा चमचा भरला. इतक्या वर्षांत आपण कुणाचा एवढा द्वेष केला नाही, असं तिला वाटलं, आणि त्या विचाराने ती घाबरलीही नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी आजची तारीख विचारली, झोप किती लागते ते विचारलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. ताई एक्कावन्नपर्यंत आली तेव्हा ते म्हणाले, "पुरे. आज इथे येण्याचं कारण?"

"लग्न करायचंय."

"बहुतेक जण लग्नानंतर येतात," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी दाखला लिहायला घेतला.

ते आठ दिवस घरात तिचे लाड चालले. भावजय तिला "ताई, चहा घेता ना?" असं विचारू लागली. बारक्याने तिच्या खोलीतला बिघडलेला पंखा दुरुस्त करून घेतला. त्या दोघांच्या अबोल्यापेक्षा हे तिला जड गेलं, कारण सगळं संपलं असं धरूनच ते वागत होते. मीटरवाल्याचा फोन नव्हता. तिनेही केला नाही. दोनदा त्याचा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. दुकानात मालकांनी फक्त एवढंच विचारलं, "गुरुवारी मी येऊ का?" ती म्हणाली, "या." कशाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

गुरुवारी ती दाखला घेऊन गेली तर कार्यालयाबाहेरच्या बाकावर तो बसलेला होता. पिशवी मांडीवर. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं बसतील एवढी जागा राहिली.

तो समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला, "परत तसं झालं तर मी काय करायचं, ते सांगून ठेव."

ताईला आधी कळलंच नाही. "काय?"

"मला त्यातलं काही कळत नाही. पाइप फुटला तर काय करायचं ते ठाऊक आहे. हे नाही. म्हणून विचारतोय."

ताईने विचार केला. असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, डॉक्टरांनीही नाही. "दोन रात्री झोपले नाही तर मला विचारायचं. मी ठीक आहे म्हणेन. विश्वास ठेवायचा नाही. दवाखान्यात न्यायचं."

"बरं."

"ओरडायचं नाही."

"बरं."

"आणि बाहेरून कडी घालायची नाही."

आता त्याने तिच्याकडे पाहिलं. "कुणी घातली होती?"

तिने मांडीवरचा दाखला सरळ केला. आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. उठताना तो म्हणाला, "माझा राग गेलेला नाही."

"माहीत आहे."

बाईंचं पडसं बरं झालं होतं. त्यांनी दाखला दोनदा वाचला, शिक्का पाहिला. बारक्या खुर्चीतून पुढे सरकला. "साहेब, कागद काय, कुणीही देतं. बापाचा आशीर्वाद नाही या लग्नाला. त्याचं काही आहे की नाही?"

"आमच्या फॉर्मात आशीर्वादाचा रकाना नाही," बाई म्हणाल्या. "हरकत फेटाळली."

बारक्या उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "ठीक आहे," तो ताईला म्हणाला. "बाप मेला तर कळवणार नाही." आणि फाइल तिथेच टाकून तो निघून गेला.

"साक्षीदार आहेत? तिघं लागतील," बाईंनी विचारलं. मालक पुढे झाले. मीटरवाल्याने दार उघडून बाहेर हाक मारली, तशी जिन्याजवळ उभी असलेली, त्याच्यासारख्याच खाकी गणवेशातली दोन माणसं हात पुसत आत आली. म्हणजे हा ठरवूनच आला होता. ताईने सही केली. नाव नीट आलं, फक्त शेवटचं अक्षर जरा ओळीखाली घसरलं.

दुपारी दोघं तिचं सामान आणायला गेली. तो खाली थांबला. दुसऱ्या मजल्यावर दाराबाहेर तिची बॅग ठेवलेली होती, वर घडी न घातलेले कपडे, कपड्यांवर तिचा कंगवा. दार आतून बंद. तिने बेल वाजवली. आत पावलं वाजली आणि दाराशी येऊन थांबली. दार उघडलं नाही.

ताईने कपडे बॅगेत कोंबले, चेन ओढली. मग दाराजवळ तोंड नेऊन, शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा न करता, सावकाश बोलली.

"दोन वाजून गेलेत. त्यांना कुशीवर वळवायला हवं. डाव्या कुशीवर. आधी गुडघा दुमडायचा, मग खांद्याला धरायचं. नुसता हात ओढायचा नाही, लुळा हात निखळतो. पाठीला उशी द्यायची. नाहीतर जखमा होतील."

ताईने बॅग पायाशी ओढून घेतली.

ती तिथेच उभी राहिली. खालून त्याने एकदा हाक मारली, तिने ओ दिली नाही. बऱ्याच वेळाने आत कुणीतरी पाय आपटत गेलं, बारक्या वैतागून काहीतरी बोलला, आणि मग खाट करकरली. एकदा, थांबून पुन्हा एकदा. उशी थोपटल्याचा आवाज आला.

ताईने बॅग उचलली आणि ती जिना उतरू लागली.